खळबळ कोणाच्या घरात उडाली?

आमचे निम्मे गणगोत पेणला आणि निम्मे रोह्याला. लग्न, मयत, ईद अशा निमित्तांनी पेण-रोहा एसटीत वर्षातून दहा-वीस वेळा बसणे होते. वडखळ नाक्यावर गाडी अडकली की कोणाच्या तरी हातातले वर्तमानपत्र सुटे होऊन गाडीभर फिरू लागते. पहिले पान पुढच्या बाकावर, जिल्ह्याचे पान मागच्या. ही पाने वाचता वाचता आम्हाला एक सवय लागली आहे. बातमीतला माणूस, गाव, तारीख काहीही न पाहता आम्ही आधी शेवटचे वाक्य वाचतो आणि बहुतेक वेळा ते आम्हाला आधीच पाठ असते. 'या घटनेमुळे परिसरात एकच खळबळ उडाली आहे.' 'नागरिकांमध्ये घबराटीचे वातावरण पसरले आहे.' 'ग्रामस्थांतून तीव्र नाराजी व्यक्त होत आहे.' 'सर्वत्र हळहळ व्यक्त करण्यात येत आहे.'

शाळेत आम्हाला शिकवले होते की कर्ता सापडत नसेल तर क्रियापदाला 'कोण' असे विचारावे. विचारून पाहा. उडाली कोण? खळबळ. पसरले काय? वातावरण. चार वाक्ये झाली, पण त्यांत एक माणूस सापडत नाही. कोण घाबरले, किती जण घाबरले, बातमीदाराशी त्यांतले कोण बोलले, यांपैकी कशाचाही पत्ता नाही. खळबळ जणू धाटावच्या औद्योगिक वसाहतीतून सुटणाऱ्या वासासारखी आहे. सगळ्यांच्या नाकात जाते, पण कोणत्या चिमणीतून आली ते कोणी सांगत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. भीतीचे शब्द आणि निराशेचे शब्द वर्तमानपत्रांत दोन वेगळ्या कामांना लावले जातात, पण दोघांचा परिणाम एकच होतो. भीतीचा शब्द संशयिताशिवाय संशय निर्माण करतो. निराशेचा शब्द गुन्हेगाराशिवाय बळी दाखवतो. दोन्हीकडे करणारा गायब होतो. आणि करणारा गायब झाला की त्याच्या रिकाम्या जागेवर कोणालाही उभे करता येते. त्या जागेवर आम्हाला अनेकदा उभे करण्यात आले आहे, म्हणून हा विषय आम्हाला व्याकरणाचा वाटत नाही.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. १८ ऑगस्ट २०२२ रोजी श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली. बोटीत तीन एके-४७ रायफली आणि काडतुसे निघाली. पोलिसांनी जिल्हाभर नाकाबंदी केली, ती करायलाच हवी होती. बंदुका सापडल्यावर पोलिसांनी स्वस्थ बसावे असे कोण म्हणेल? त्याच दिवशी गृहखाते सांभाळणाऱ्या उपमुख्यमंत्र्यांनी विधानसभेत माहिती दिली की, बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची आहे, ती मस्कतहून युरोपकडे निघाली होती, २६ जूनला भर समुद्रात तिचे इंजिन बिघडले, कोरियाच्या युद्धनौकेने खलाशांना वाचवले आणि मोकळी बोट पावसाळी समुद्रात वाहत वाहत आपल्या किनाऱ्याला आली. तपास पुढे चालू राहील, हेही त्यांनी सांगितले. म्हणजे सकाळी सुटलेल्या कोड्याचे बरेचसे उत्तर संध्याकाळपर्यंत हाती होते.

पण दुसऱ्या दिवशी गाडीत फिरणाऱ्या पानांवर खळबळ होती, घबराट होती, दहशतीचे सावट होते आणि १९९३ची उजळणी होती. उत्तर होते, पण ते बातमीच्या पोटात, खालच्या ओळींत होते. त्याच दिवसांत आमचा एक भाचा रोह्याहून श्रीवर्धनला बहिणीकडे निघाला होता. पिशवीत पोहे आणि भाच्यांसाठी खाऊ. वाटेत तपासणी झाली. परत आल्यावर तो म्हणाला, "मामू, तपासा ना, मी कुठं नाही म्हणतोय. पण पुढच्याची पिशवी बघितली आणि सोडलं. माझी बघितली आणि नाव, पत्ता, कोणाकडे चाललास, सगळं लिहून घेतलं." त्याने तक्रार केली नाही. रागही धरला नाही. फक्त पुढच्या वेळी आईला सोबत घेऊन जाईन म्हणाला. बाईमाणूस बरोबर असले की कमी विचारतात, हे त्याचे तो शिकला. त्याच्या घरात त्या दिवशी जे उडाले त्याला कोणत्या बातमीदाराने खळबळ म्हटले?

कोणी म्हणेल, १९९३ विसरलात काय? नाही विसरलो. त्या वर्षी श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली, याच जिल्ह्याच्या रस्त्यांनी मुंबईला गेली आणि १२ मार्चला २५७ माणसे मेली. उतरवणाऱ्यांत आमच्या नावांची माणसे होती, हे आम्ही लपवत नाही. पण त्याच खटल्याने दुसरी गोष्टही सिद्ध केली. माल सुखरूप जावा म्हणून पैसे घेणारे सीमाशुल्क आणि पोलिस खात्यांतले लोक त्यात दोषी ठरले. ज्या रात्री खरोखर घाबरायला हवे होते त्या रात्री किनाऱ्यावर कसलीच खळबळ उडाली नाही, कारण ती न उडण्याचे पैसे पोचले होते. शेखाडीपासून शिकायचे असेल तर ते हे, की घबराट पहारा देत नाही. पहारा देतो तो चौकीवरचा प्रामाणिक माणूस. त्याच्याबद्दल वर्षभर कोण लिहितो? गस्तीच्या बोटी किती, त्यातल्या चालू किती, रात्री चौकीवर माणूस असतो की नाही, हे विचारणारी बातमी रोज हवी. ती येते बोट लागल्यावर, आणि आठवड्यात विरते.

उरण तर पेणच्या शेजारचा तालुका. २२ सप्टेंबर २०१६ला तिथल्या शाळकरी मुलांनी सांगितले की काळ्या पठाणी पोशाखातली सशस्त्र माणसे दिसली. उरीच्या हल्ल्याला तेव्हा चारच दिवस झाले होते. नौदल, पोलिस, दहशतवादविरोधी पथक सगळे कामाला लागले, शाळा बंद राहिल्या. कसून शोध झाला. कोणीही सापडले नाही. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही आणि शोध घेणाऱ्यांनाही नाही. पण 'पठाणी' हा शब्द पाहा. मुलाच्या तोंडचा कपड्याचा तपशील मथळ्यात गेला आणि तिथे तो कपडा राहिला नाही, कपडा घालणाऱ्यांची ओळखपरेड झाला. माणसे सापडली नाहीत, तेव्हा त्या शब्दाचे काय झाले? त्याला कोणी मागे घेतले नाही. आमच्याकडे जुम्म्याला आणि ईदला तोच कपडा घालून लोक घराबाहेर पडतात. पोलिसांनी शोधमोहीम थांबवली, शब्दाची मोहीम मात्र चालू राहिली.

आता दुसऱ्या जातीचे शब्द पाहू. पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेचे व्यवहार २०१० साली थांबले. बनावट कर्जखाती उघडकीला आली, संचालकांवर गुन्हे दाखल झाले. ठेवीदार लाखाच्या घरात. त्यांत गणपतीच्या कारखान्यांत आयुष्यभर रंगकाम केलेले, शेतकरी, निवृत्तीचा पैसा ठेवलेले, मुलीच्या लग्नासाठी साठवणारे, सगळे होते. पैसा बुडताना जात-धर्म विचारत नाही. ठेव विम्याची मर्यादा तेव्हा एक लाख रुपये होती, ती पाच लाख झाली २०२० साली. त्या काळात एक मथळा वर्षानुवर्षे आमच्या डोळ्यांसमोरून गेला. 'ठेवीदार हवालदिल.'

हा शब्द आमच्या ओळखीचा आहे. फारसीच्या वाटेने मराठीत आला, हौल म्हणजे धास्ती, दिल म्हणजे काळीज. काळजात धास्ती बसलेला तो हवालदिल. फार सुंदर आणि फार खरा शब्द आहे. पण मथळ्यात बसला की तो ठेवीदाराच्या काळजाची बातमी देतो, तिजोरीची देत नाही. ठेवीदार हवालदिल आहे हे ठेवीदाराला वर्तमानपत्राने सांगावे लागत नाही. त्याला हवी असते ती यादी. खोटी कर्जे कोणाच्या नावावर, मंजुरी कोणाची, हिशेब तपासणाऱ्याने काय तपासले, वसुली कुठवर आली.

गंमत अशी की या प्रकाराला नेमका शब्द मराठीत आहे आणि तोही त्याच वाटेने आलेला. अरबीतल्या 'इफ्रात' आणि 'तफ्रीत' म्हणजे अती आणि कमी, या जोडीपासून हिंदी-उर्दूत 'अफरातफरी' झाली, तिचा अर्थ गोंधळ, पळापळ. मराठीने मात्र तिला 'अफरातफर' केले आणि अर्थ दिला पैशांचा अपहार. एकाच शब्दाची ही दोन पोरे. हिंदीतले घाबरून पळते आहे, मराठीतले हिशेब मागते आहे. आमच्या मराठीने इतका रोखठोक शब्द घडवून ठेवला असताना आमचे बातमीदार हवालदिलवर का थांबतात?

पेणच्या खारेपाटाचेही तेच. वाशी, शिर्की, वढाव या बाजूच्या गावांतल्या बायका उन्हाळा आला की हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. हेटवण्याचे धरण पेण तालुक्यातच आहे आणि त्याचे पाणी नवी मुंबईला जाते. दरवर्षी बातमी येते, 'महिलांमध्ये तीव्र नाराजी'. नाराजी! जेवणात मीठ कमी पडले तर माणूस नाराज होतो. लग्नाचे आमंत्रण राहिले तर आत्या नाराज होते. धरण आपल्या तालुक्यात आणि नळ दुसऱ्याच्या घरात, याला नाराजी म्हणणे म्हणजे हिरावून घेतलेल्या वस्तूला, ती ज्याच्याकडून हिरावली त्याच्या स्वभावाचा दोष ठरवणे आहे. नाराज माणसाची समजूत काढली जाते. हक्क मागणाऱ्याची समजूत काढून भागत नाही, त्याला उत्तर द्यावे लागते. शब्द बदलला की उत्तर द्यायची जबाबदारीही टळते.

म्हणजे हिशेब असा झाला. समुद्रातून वाहत आलेल्या रिकाम्या बोटीच्या वाट्याला दहशत, आणि भरलेली तिजोरी रिकामी करणाऱ्यांच्या वाट्याला लोकांची नाराजी. ज्या गोष्टीने आमचे काही नेले नाही तिच्यासाठी सर्वांत मोठा टाइप. जिने सारे नेले तिच्यासाठी शेवटची ओळ.

'अफवा' हा शब्दही अरबीतून आला. मुळात तो अनेकवचनी आहे, त्याचा अर्थ तोंडे. अनेक तोंडे बोलतात आणि जबाबदार एकही नसते, ती अफवा. 'परिसरात चर्चा आहे', 'भीती व्यक्त होत आहे' ही वाक्ये छापील असली तरी जातीने तीच आहेत. अशा बिनमालकी वाक्याने काय होते ते आपल्या जिल्ह्याने, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याने, पाहिले आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. नंतर गावात उठले की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. कोणी सांगितले? तोंडांनी. देवळात कोणी शिरणार नव्हते. पण लाठ्या बाहेर निघाल्या आणि परिषदेला आलेल्या माणसांची डोकी फुटली. त्या वेळी काही जणांना महाडच्या मुसलमानांनी घरांत घेतले, आणि डिसेंबरात दुसऱ्या परिषदेला मंडप घालायला कोणी जागा देईना तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. हे आम्ही मिरवण्यासाठी सांगत नाही. त्या दिवशी ज्या घरांनी दार उघडले त्यांनीही ती अफवा ऐकली असणारच. त्यांनी तोंडांवर विश्वास ठेवला नाही, दारात उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिले. बातमीदाराचे काम याहून वेगळे काय आहे?

तालुक्याच्या बातमीदारावर सारा राग काढणे मात्र अन्याय होईल. पेण-रोह्यातला बातमीदार अनेकदा दुसरा धंदा सांभाळून बातमी देतो. मानधन नाममात्र, खरी मिळकत जाहिरातींच्या कमिशनवर. ज्याच्याकडून गणपतीला शुभेच्छांची जाहिरात घ्यायची त्याचे नाव अफरातफरीच्या बातमीत कसे लिहायचे? मग 'नाराजी' त्याच्या मदतीला येते. नाराजी लिहिली की कोणी नाराज होत नाही. 'खळबळ' लिहिली की मुंबईच्या कार्यालयात बातमी उचलली जाते. बिचारा त्या दोन शब्दांवर महिना काढतो. दोष आहे तो हे चालवून घेणाऱ्या संपादकांचा, आणि चार आण्याच्या भीतीसाठी पान उलटणाऱ्या आम्हा वाचकांचाही.

वेगळे लिहिता येते, याचे पुरावे आहेत. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. सोळा माणसे गेली. जवळजवळ एकोणीस तासांनी चार वर्षांचा एक मुलगा ढिगाऱ्यातून जिवंत निघाला. त्या रात्रीच्या चांगल्या बातम्यांत तास होते, माणसे होती, ढिगारा उपसणारे हात होते, आणि इमारत इतक्या लवकर का पडली हा प्रश्न होता. त्या वाचताना आमच्या घरातल्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यासाठी हळहळ हा शब्द लिहावा लागला नाही.

नाराजी मोजताही येते. २१ सप्टेंबर २००८ रोजी, महामुंबई सेझच्या वेळी, पेण तालुक्यातल्या बावीस गावांतल्या शेतकऱ्यांचा कौल जिल्हा प्रशासनाने मतपत्रिकांवर घेतला. जमीन द्यायची की नाही, एवढाच सवाल. वर्षभर 'शेतकऱ्यांमध्ये असंतोष' असे छापून जे झाले नव्हते ते एका दिवसात झाले. असंतोषाला गाव मिळाले, सातबारा मिळाला, मत मिळाले.

आता आमच्या घरात डोकावू. दुसऱ्याचे शब्द तपासताना आपले झाकून ठेवणे आम्हाला जमणार नाही. आमच्या सभांतल्या ठरावांत दरवर्षी एक वाक्य असते, 'मुस्लिम समाजात असुरक्षिततेची भावना आहे.' कोणाच्या? रोह्याच्या रिक्षावाल्याच्या, की व्यासपीठावरच्या वक्त्याच्या? किती जणांना विचारले? भाच्याची पिशवी तपासली गेली, हे आम्ही ठरावात लिहिले का? नाही. कारण त्याला गाव, दिवस, रस्ता लिहावा लागला असता आणि पाठपुरावा करावा लागला असता. भावना लिहिली की टाळ्या मिळतात. आमच्याकडेही 'मिल्लत बेचैन' आणि 'दीन खतऱ्यात' हे मथळे तयार टाइपात पडलेले आहेत. मोबाइलवर रात्री बारा वाजता आलेला निनावी निरोप पुढे ढकलताना आमचा अंगठा किती वेळ थांबतो? सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत खबर आणणाऱ्याची खबर आधी पडताळून पाहण्याची आज्ञा आहे, नाहीतर नकळत कोणाला इजा कराल आणि मग पस्तावाल, असा इशाराही आहे. ती आयत आम्ही तकरिरीत ऐकतो आणि मशिदीच्या पायऱ्या उतरताच मोबाइल काढतो.

हमीद दलवाईंशी या पानांवरच्या अनेकांचे मतभेद आहेत आणि राहतील. पण एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. १८ एप्रिल १९६६ला तलाकच्या प्रश्नावर ते सचिवालयावर गेले तेव्हा 'मुस्लिम स्त्रियांत नाराजी आहे' असे पत्रक काढून थांबले नाहीत. सात स्त्रियांना घेऊन गेले. सातच होत्या म्हणून तेव्हा हसणारे हसले. पण त्या सात होत्या. त्यांना चेहरे होते, त्यांचे दुःख त्यांच्या मालकीचे होते. 'सर्व स्त्रियांतली नाराजी' कधीच रस्त्यावर आली नसती, कारण तिला पाय नाहीत.

म्हणून आमची मागणी साधी आहे, वर्तमानपत्रांकडे आणि आमच्याच वार्षिकांकडे. भीती छापायची तर घाबरलेल्याला विचारून छापा. नाराजी छापायची तर ती कोणी ओढवली तेही त्याच ओळीत छापा. 'विशिष्ट समाज' असे कुजबुजू नका, माणसाने केले असेल तर माणसाचे नाव लिहा, ते आमच्यातले असले तरी लिहा. आणि ज्या दिवशी भीती खोटी ठरेल त्या दिवशी तिचे खोटेपण तेवढ्याच जागेवर, तेवढ्याच टाइपात छापा. मालेगावच्या २००६च्या स्फोटांत पकडलेल्या मुसलमानांना न्यायालयाने २०१६ साली आरोपमुक्त केले. दहा वर्षे लागली. पकडल्याच्या दिवशीचा टाइप सुटल्याच्या दिवशी त्यांना किती मिळाला, हे ज्याच्याकडे जुनी पाने आहेत त्याने पट्टी घेऊन मोजावे.

भाचा परवा पुन्हा श्रीवर्धनला गेला. आईला सोबत घेऊन. वडखळला गाडी नेहमीप्रमाणे अडकली आणि पान फिरत फिरत आमच्याकडे आले. महामार्ग रखडल्याने प्रवाशांत संताप, अशी बातमी होती. पनवेल ते इंदापूर टप्प्याचे काम २०११ साली सुरू झाले होते. गाडीतल्या कोणालाही त्या बातमीदाराने विचारले नव्हते. विचारले असते तर ठेकेदार कोण, पैसे कोणाला मिळाले, मुदत कितीदा वाढली, हे मागच्या बाकावरच्या कोळणीनेसुद्धा सांगितले असते.